दसरा, गांधी जयंती आणि गुरुवार एकाच दिवशी आले, तर पगार कसा काढायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळ भोसरीत पस्तीस कामगारांचे मशीन शॉप आहे, साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. कोथरूडला त्याच कंपनीचे बावीस जणांचे डिझाइन ऑफिस, तिथे शनिवार-रविवार सुट्टी. २ ऑक्टोबर २०२५ला गांधी जयंती, दसरा आणि गुरुवार तिन्ही एकत्र आले. शॉपवरचे कामगार आता दोन बदली सुट्ट्या मागताहेत. ऑफिसमधल्या एका डिझायनरने बुधवार आणि शुक्रवार रजा टाकली, तर पगाराच्या सॉफ्टवेअरने तिच्या तीन रजा कापल्या. आणि बुधवारी रात्री तिसऱ्या पाळीला आलेला ऑपरेटर म्हणतो, ‘रात्री बारानंतर सुट्टी लागली, सहा तासांचे डबल द्या.’ याच गोंधळात २०२६ची सुट्ट्यांची यादीही लावायची आहे.

उत्तराआधी एक कागद बाजूला ठेवा. दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरणारी राज्य सरकारची सार्वजनिक सुट्ट्यांची यादी परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, चेक-हुंड्यांचा कायदा) याच्या कलम २५खाली निघते. सरकारी कार्यालये आणि बँका तिच्यावर चालतात. त्यात नाव आहे म्हणून खाजगी कंपनीत तो दिवस आपोआप भरपगारी सुट्टीचा होत नाही. १ एप्रिलची बँकांची लेखाबंदीसुद्धा लोक सुट्टी म्हणून मागायला येतात, इतका हा कागद लोकप्रिय आहे. तुमच्याकडे काय लागू आहे ते दुसरीकडे शोधायचे, आणि तुमच्या दोन जागांना दोन वेगळे नियम आहेत. तुमचा निम्मा गोंधळ इथलाच आहे.

ऑफिसला शॉप ॲक्ट लागतो, म्हणजे २०१७चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा. त्याच्या कलम १८मध्ये वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या, त्या मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. ‘वर्ष सुरू होण्याआधी’ हे शब्द बहुतेक जण वाचतच नाहीत. ऑगस्टमध्ये गणपतीच्या तोंडावर यादी लावणारी ऑफिसे पुण्यात कमी नाहीत. शिवाय आठ किरकोळ रजा आणि कमावलेली रजा आहेच, ती या आठ सुट्ट्यांत मोजायची नाही.

भोसरीच्या शॉपला शॉप ॲक्ट लागत नाही, तो कारखाना आहे. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक या राज्यांत औद्योगिक आस्थापनांसाठी राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्ट्यांचा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे कारखान्यात सुट्ट्या ठरतात त्या युनियनशी झालेल्या करारावरून, स्थायी आदेशांवरून (कारखान्याची सेवाशर्तींची नियमावली) किंवा नेमणूकपत्र आणि आजवरच्या प्रथेवरून. तेव्हा शॉपच्या बाबतीत पहिले काम म्हणजे कपाटातून करार काढून नीट वाचणे.

आता २ ऑक्टोबर. करारात ‘वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या’ अशी संख्या लिहिली असेल, तर कामगारांची बाजू भक्कम आहे. एका तारखेला दोन नावे लावून आठाच्या सात करता येत नाहीत. नुसती तारखांची यादी असेल आणि संख्या कुठेच नसेल, तर साप्ताहिक सुट्टीवर पडलेला सण गेला, असे तुम्हाला म्हणता येईल. पण मी तुमच्या जागी असते तर दोन्ही परिस्थितींत एक बदली सुट्टी दिली असती, दोन नाही. २ ऑक्टोबर ही ठरलेली तारीख आहे, ती गुरुवारी आली हा कॅलेंडरचा योगायोग, त्यात कुणाचा पगार बुडाला नाही. दसऱ्याचे तसे नाही. तो तुम्ही आणि त्यांनी निवडलेला सण. यादी करताना तो २ तारखेलाच येतोय हे दिसत होते, तेव्हाच त्याऐवजी दुसरा सण घ्यायला हवा होता. ही चूक दोन्ही बाजूंची, म्हणून एक सुट्टी. तसे पत्र काढा, त्यावर कामगार प्रतिनिधींच्या सह्या घ्या आणि बदली दिवसाची तारीखही त्यातच लिहा. ‘सोयीने देऊ’ असे लिहिलेत तर तो विषय मार्चअखेर पुन्हा टेबलावर येईल.

खंडेनवमीला, म्हणजे १ तारखेला, मशीनची पूजा करून दुपारी सोडले असेल तर तो पूर्ण दिवसच धरा. त्या अर्ध्या दिवसाची वजावट बदली सुट्टीतून करायचा विचार काहींच्या डोक्यात येतो. नारळ फोडून मग त्याचे पैसे कापल्यासारखे दिसते ते.

आता २०२६ची यादी. खरे काम इथे आहे, आणि ते डिसेंबरातच करायचे. कॅलेंडर समोर घ्या. २६ जानेवारी सोमवारी, १ मे शुक्रवारी, १५ ऑगस्ट शनिवारी, २ ऑक्टोबर शुक्रवारी. शॉपचा गुरुवार यातल्या कशालाच धक्का लावत नाही. पण १९ फेब्रुवारीची शिवजयंती गुरुवारी आहे आणि १९ मार्चचा गुढीपाडवाही गुरुवारी. कामगारांच्या सणांच्या चार सुट्ट्यांत हे दोन असतील, तर २ ऑक्टोबरचेच भांडण वर्षात दोनदा होईल. त्याऐवजी १४ सप्टेंबरची गणेश चतुर्थी, २० ऑक्टोबरचा दसरा, १० नोव्हेंबरचा दिवाळी पाडवा असे वार मोकळे असलेले दिवस घ्या. चौथा कामगारांना निवडू द्या. आणखी एक बारीक गोष्ट: २०२६मध्ये बुद्धपौर्णिमा १ मेलाच आहे. तुमच्या यादीत ती असेल तर १४ एप्रिलची आंबेडकर जयंती घेता येईल का, हे आधीच विचारून घ्या. असे विचारलेले लोकांच्या लक्षात राहते.

ऑफिसचे गणित उलटे आहे. तिथे १५ ऑगस्ट शनिवारी गेला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी. ठरलेल्या चारांतली तारीख हलवता येत नाही. पण सणांच्या चारांत लक्ष्मीपूजन लिहून एक सुट्टी वाचवायचा मोह आवरा. रविवारी तसेही कोणी येणार नव्हते, आणि बावीस जणांतल्या प्रत्येकाला ते पहिल्याच नजरेत कळते. पाडवा किंवा भाऊबीज घ्या. ऑफिसातला कोणी व्यवस्थापक किंवा देखरेखीच्या पदावरचा असेल, तर तो कायद्याने ‘कामगार’ नाही. तरी यादी सगळ्यांना एकच ठेवा. दोन याद्या सांभाळण्याचा त्रास वाचलेल्या दिवसापेक्षा मोठा असतो.

पुण्यात आणखी एक दिवस यादीबाहेर राहून छळतो, तो अनंत चतुर्दशीचा. २०२६मध्ये ती २५ सप्टेंबरला, शुक्रवारी. लक्ष्मी रस्ता आणि मध्यवर्ती पेठा विसर्जन मिरवणुकीने बंद, पीएमपीचे मार्ग बदललेले, आणि पेठेत राहणारा माणूस कोथरूडला पोचणार कसा? तो दिवस चारांत बसवला नाहीत, तरी ‘घरून काम’ की ‘अर्धा दिवस’ हे आठवडाभर आधी लिहून द्या. आषाढी वारीच्या पालख्या, २०२६मध्ये जुलैत, शहरात येतात त्या दोन दिवसांचेही तसेच. हडपसरकडून येणाऱ्याला त्या सकाळी लेट मार्क लावणारे सॉफ्टवेअर मी पाहिले आहे. सॉफ्टवेअरला पालखी माहीत नसते, तुम्हाला असते.

चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या सुट्ट्यांसाठी यादीत एक ओळ घाला: ‘तारीख बदलल्यास व्यवस्थापन कळवील.’ २०२३मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली आणि राज्य सरकारने ईदची सुट्टी २९ला नेली. त्या वर्षी ज्यांच्या यादीत फक्त छापील तारीख होती, त्यांना आदल्या दिवशी फोनाफोनी करावी लागली.

आता त्या डिझायनरच्या तीन रजा. तिच्या दोनच कापा. कमावलेल्या रजेच्या मधे किंवा कडेला आलेली सुट्टी रजेत मोजायची नाही, हे कारखाने कायद्याच्या कलम ७९मध्ये स्पष्ट होते. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही हे तत्त्व कायम आहे. ऑफिस शॉप ॲक्टखाली असले, तरी एकाच कंपनीत भोसरीला एक आणि कोथरूडला दुसरा न्याय चालवू नका. दोन रजांमधली सुट्टीही रजेत कापणारा, ज्याला सगळे ‘सँडविच’ म्हणतात तो नियम बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून चालू केलेला येतो. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या माणसाने तो कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसीवरून टाकलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन कमावलेल्या आणि किरकोळ रजेपुरता तो बंद करा.

बिनपगारी गैरहजेरीचे मात्र वेगळे. कोणी न कळवता २५ जानेवारीपर्यंत गायब आणि २७लाही नाही, तर २६चा पगार द्यायचा का? तुमच्या स्थायी आदेशात काय आहे ते आधी पाहा. काहीच नसेल, तर माझा सल्ला असा की ठरलेल्या चार दिवसांचा पगार कापू नका, गैरहजेरीची कारवाई त्या दोन दिवसांपुरती करा. महिना-दोन महिने बिनपगारी सुट्टीवर गेलेल्या माणसाला मधल्या सुट्टीचा पगार मिळणार नाही, हे त्याच्या मंजुरीच्या पत्रातच लिहा.

प्रसूती रजेत मात्र गणित दुसऱ्या बाजूने जाते. सव्वीस आठवडे म्हणजे सलग सव्वीस आठवडे, त्यात रविवारही येतात आणि १५ ऑगस्टही. सुट्टी आली म्हणून रजा एका दिवसाने वाढत नाही. पण त्या सगळ्या दिवसांचा लाभ द्यायचा असतो, रविवार वगळून हिशोब करायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७७मध्येच, बी. शाह यांच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे.

तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर आत्मविश्वासाने बोलतोय, पण त्याचे म्हणणे बरोबर नाही. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर त्या माणसाची सुट्टी पाळी संपल्यापासून पुढचे चोवीस तास अशी धरायची. कारखाने कायद्यात हे कलम ५७ होते, नव्या संहितेतही तसेच आहे. तो बुधवारी रात्री दहाला आला आणि गुरुवारी सकाळी सहाला सुटला, ते बुधवारचेच काम. त्याची सुट्टी गुरुवारी सकाळी सहापासून शुक्रवारी सकाळी सहापर्यंत. गुरुवारी रात्री दहाला त्याला बोलावले असते, तर डबल लागला असता. हे त्याला तोंडी सांगण्यापेक्षा पाळीच्या वेळापत्रकाखाली एक ओळ छापा, पुढच्या सगळ्या सुट्ट्यांना कामाला येईल.

‘डबल’ म्हणजे किती, यावरून जितके वाद होतात तितके दिवाळीच्या बोनसवरूनही होत नसतील. समजा महिना २०,८०० रुपये आहे आणि तुम्ही २६ने भागता, म्हणजे रोज ८०० रुपये. सुट्टीच्या दिवशीचे ८०० महिन्याच्या पगारात आधीच आहेत. त्या दिवशी कामाला बोलावले, तर मी पॉलिसीत दोन पर्याय लिहून देते. पहिला: वर आणखी ८०० रुपये आणि दोन महिन्यांच्या आत एक बदली रजा. दुसरा: बदली रजा देता येत नसेल तर वर १,६०० रुपये. शॉप ॲक्टच्या आधीच्या, १९४८च्या कायद्यात दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी दोन्ही होते, आणि पुण्यातल्या जुन्या कामगारांना ते अजून तोंडपाठ आहे. आकडे लिहिले की वाद मिटतो, ‘कायद्याप्रमाणे’ एवढेच लिहिले की सुरू होतो. आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनाला बोलावणे हे काम नाही. पण झेंडा झाल्यावर ‘आलाच आहात तर स्टॉक मोजून घ्या’ म्हणालात, की ते कामच.

हा २६चा भाजक सोयीचा आहे, पण एका ठिकाणी दगा देतो. फेब्रुवारी २०२६मध्ये अठ्ठावीस दिवस, चार गुरुवार, म्हणजे कामाचे आणि सुट्टीचे मिळून चोवीसच दिवस. एखादा कामगार महिनाभर आलाच नाही आणि तुम्ही गैरहजर दिवसांचे पैसे कापत गेलात, तर चोवीस गुणिले ८०० म्हणजे १९,२०० कापले जातात, आणि एकही दिवस न येता तो १,६०० रुपये घेऊन जातो. असे सत्तावीस दिवस भरणाऱ्या महिन्यात याच्या उलट होते, दोन दिवस येऊनही माणसाच्या हाती एकाच दिवसाचे पैसे येतात. म्हणून निम्म्याहून जास्त गैरहजेरी असेल तर कापायचे दिवस मोजू नका, द्यायचे दिवस मोजा. भरपगारी सुट्टी ही द्यायच्या दिवसांत येते.

रुजू होणाऱ्यांकडेही लक्ष ठेवा. मे २०२६मध्ये १ तारखेला शुक्रवारी सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. ऑफिसात नवा माणूस सोमवारी ४ला येणार. त्याने आधीची नोकरी ३० एप्रिलला सोडली असेल, तर त्याचे तीन दिवस कुठेच धरले जात नाहीत. तुम्ही नेमणूक १ मेपासून दाखवू शकता किंवा ४पासून. पण जे कराल ते ऑफर लेटरमध्येच लिहा, आणि पीएफची रुजू तारीख तीच ठेवा.

आणखी एक मोजणी: कामगार कपात, भरपाई वगैरे प्रश्नांत ‘वर्षात २४० दिवस’ भरले का, हे पाहताना रविवार आणि भरपगारी सुट्ट्या धरायच्या असतात. अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये हे ठरवले. कमावलेल्या रजेची पात्रता ही निराळी मोजणी आहे. तिथे नव्या संहितेने कारखान्यासाठी २४०चे १८० दिवस केले आहेत. तुमच्या मस्टरमध्ये दोन्हींना एकच रकाना असेल, तर तो वेगळा करा.

मतदानाचा दिवस यादीत नसतो, पण तो भरपगारीच असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाला मतदार असलेल्या प्रत्येकाला, रोजंदारीवाल्यालाही, पगारी सुट्टी आहे. गुंतागुंत अशी की सुट्टी माणसाच्या मतदारसंघाप्रमाणे लागते, कंपनीच्या पत्त्याप्रमाणे नाही. २०२४च्या लोकसभेला पुणे, शिरूर आणि मावळचे मतदान १३ मेला होते. पण खडकवासला विधानसभा क्षेत्र बारामती लोकसभेत येते, तिथले मतदान ७ मेला झाले. सिंहगड रस्त्यावर राहून भोसरीला येणाऱ्याची सुट्टी ७ला, शेजारच्या मशीनवरच्याची १३ला. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना एकच दिवस टाकणाऱ्यांनी त्या महिन्यात दोनदा पगारपत्रक दुरुस्त केले. निवडणूक जाहीर झाली की प्रत्येकाकडून मतदारसंघ लिहून घ्या.

अचानक जाहीर होणाऱ्या सरकारी सुट्ट्या, जशी लता मंगेशकर यांच्या निधनानंतर ७ फेब्रुवारी २०२२ला किंवा अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी २२ जानेवारी २०२४ला होती, त्या खाजगी कंपनीला आपोआप लागत नाहीत. तुम्ही सुट्टी दिलीत तर ती भरपगारी आहे की नंतर भरून काढायची आहे, हे त्याच दिवशी लिहून कळवा. महिनाअखेर आठवण करून पगार कापू नका.

गेटवरचे सुरक्षारक्षक आणि कँटीनची माणसे कंत्राटदाराची आहेत, म्हणून ती यादीबाहेर नाहीत. १५ ऑगस्टला गेटवर उभ्या असलेल्या माणसाला डबल मिळाला का, हे कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्याआधी त्याच्या वेतनपत्रकावर पाहा. ठरलेल्या चार दिवसांचा वेगळा दर कंत्राटातच लिहा. नाहीतर बिलात सुट्टीचा दर लागतो आणि रक्षकाच्या हातात साधा दिवस पडतो.

पगाराच्या तारखेला ‘बँकेला सुट्टी होती’ हे कारण आता चालत नाही. एकगठ्ठा पगार खात्यांत जमा करणारी बँकांची ‘नाच’ (एनएसीएच) प्रणाली १ ऑगस्ट २०२१पासून रविवारी आणि सुट्टीतही चालते, एनईएफटी त्याच्याही आधीपासून, डिसेंबर २०१९पासून, चोवीस तास चालू आहे. अडते ते सही करणाऱ्यापाशी. पगाराच्या फाइलला मंजुरी देणारे साहेब दिवाळीत कोकणात जाणार असतील, तर दुसऱ्या माणसाचे अधिकार बँकेत आधी नोंदवून ठेवा, आणि फाइल लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या आठवड्यातच चढवा.